पाण्याची नळी

१२ मार्च

ताई,

त्या सकाळी मी नेहमीपेक्षा तासभर आधी प्रयोगशाळेत गेलो. कुलूप मीच उघडलं. हात कोपरापर्यंत धुतले, हातमोजे चढवले, टोपी घातली, मास्क बांधला, टेबल औषधाने दोनदा पुसलं. मग फ्रीजरमधून ती पिशवी काढली. पिशवीवर नाव नव्हतं, नुसता नंबर होता. आत बोटभर हाड होतं. ते दोन्ही तळहातांवर घेऊन मी कितीतरी वेळ उभा राहिलो. ढब्बू जन्मला तेव्हा तू त्याला माझ्या हातांत ठेवलंस आणि म्हणालीस, "पाडू नकोस हां, मामा झालास आता." तेव्हाही असाच अवघडून उभा होतो.

सहा वर्षांनी लिहितोय. गुरुजींनी वडीलधाऱ्यांना लिहायच्या पत्राचा मायना घोटून घेतला होता. तो लिहायला घेतला आणि खोडला, कारण त्यात पुढे "इकडील सर्व क्षेम" असं लिहावं लागतं.

तुझा पत्ता दाजींकडून घेतला. ते आधी म्हणाले, "तिचा नवरा मी, आणि तिचा पत्ता तुला हवा?" मग स्वतःच कागद-पेन्सिल शोधायला उठले. तुझी खोली धक्क्यासमोर आहे, खिडकीतून बोटी सुटताना दिसतात, एवढं त्यांनी सांगितलं. तब्येत बरी आहे त्यांची. गुडघे कुरकुरतात. दर रविवारी तिथे जाऊन बसतात, जिथे आपण त्या हाडाची पेटी मातीत ठेवली. आपण म्हणालो खरं, पण तू नव्हतीस.

मी रिपोर्ट घेऊन आलो होतो तो दिवस मला रोज आठवतो. तू कणीक मळत होतीस. हात तसेच ठेवून ऐकत राहिलीस आणि विचारलंस, "तू म्हणतोस ना तो ढब्बू आहे? मग मला का कळत नाही?"

मी म्हणालो, "ताई, अक्षर न् अक्षर जुळलंय."

"अक्षरं जुळली असतील. माझं मन नाही जुळत."

त्यावर मी जे बोललो ते तू विसरली नसशील. "तू आई आहेस, म्हणूनच तुला कळत नाही." सगळ्यांसमोर बोललो. तू हात धुतलेस, कपड्यांचे दोन जोड पिशवीत भरलेस आणि त्याची बुडालेली बोट जिथून सुटली होती त्या गावाला निघून गेलीस. मी तुला अडवलं नाही. उलट दाजींना म्हणालो, "जाऊ द्या, चार दिवसांत भानावर येईल."

मला काही सांगायचं आहे. आज जमत नाही. पुढच्या पत्रात लिहितो.

धाकटा


४ एप्रिल

ताई,

उत्तर आलं नाही. येईल असं धरूनही चाललो नव्हतो. टपाल परत आलं नाही, त्यातच समाधान मानलं.

माझं काम तुला मी कधी नीट सांगितलंच नाही. तू विचारायचीस, "दिवसभर करतोस काय तिथे?" आणि मी "तुला नाही कळायचं" म्हणून उडवून लावायचो. ज्या बाईने सातवीनंतर शाळा सोडली ती मला पुढे शिकता यावं म्हणून, तिला मी हे म्हणायचो. आज सांगतो. तुला नक्की कळेल, कारण हे काम तू माझ्याआधी केलेलं आहे.

आपल्या शाळेत इतिहासाचं एकच पुस्तक होतं, आठवतं? गुरुजींच्या टेबलावर. तुझं अक्षर चांगलं, म्हणून पहिली प्रत तू उतरवायचीस. तुझ्या वहीवरून दोघी उतरवायच्या, त्या दोघींच्या वह्यांवरून आणखी चौघं, आणि शनिवारपर्यंत वर्गातल्या प्रत्येकाकडे पुस्तक असायचं. आमचं यंत्र तेच करतं. माणसाच्या अंगातल्या प्रत्येक पेशीत दोन पेडांची बारीक दोरी असते आणि तिच्यावर चारच अक्षरांत सगळं लिहिलेलं असतं. जुन्या हाडात या दोऱ्या अगदी थोड्या उरतात, त्याही तुटक्या. त्या तशा वाचता येत नाहीत. म्हणून त्यांच्या प्रती काढायच्या.

छोट्या नळीत हाडाच्या पुडीतून काढलेला द्रव घालतात आणि यंत्र ती नळी जवळजवळ उकळी येईल इतकी तापवतं. दोरीचे दोन पेड सुटे होतात. मग थोडं गार करतं. आम्ही घातलेले लहानसे तुकडे त्या पेडांवर आपापल्या जागी जाऊन बसतात, म्हणजे कुठून उतरवायला सुरुवात करायची ते ठरतं. मग एन्झाइम नावाचा मजूर समोरचं अक्षर बघत बघत नवा पेड भरत जातो. एका दोरीच्या दोन होतात. पुन्हा तापवायचं, पुन्हा गार करायचं. दोनाच्या चार, चाराच्या आठ. तू मला बेचा पाढा अंगणात झाडू मारता मारता शिकवलास. तिसाव्या फेरीला शंभर कोटींच्या वर प्रती होतात. तेवढ्याला दोन-तीन तास लागतात. तेवढ्यात आमचा चहा होतो, आणि जुनी माणसं असली तर भांडणही होतं.

फक्त एक आहे. यंत्राला आपलं-परकं कळत नाही. नळीत जे पडेल त्याची ते प्रत काढतं. हाडातल्या तुटक्या दोरीशेजारी दुसऱ्या कोणाची ताजी, अखंड दोरी पडली तर मजूर आधी ताजीलाच भिडतो. तुझ्या वहीत एकदा लढाईचं साल चुकलं होतं. परीक्षेत चाळीस जणांनी तेच साल लिहिलं आणि छडी एकट्या तुला बसली. घरी येताना तू म्हणालीस, "मला एकीला मारून काय होणार? त्या चाळीस वह्या कोण सुधारणार?"

म्हणून आमच्याकडे एक नळी अशी लावतात जिच्यात कोणाचंच काही नसतं. नुसतं शुद्ध पाणी. हाडासोबत तिलाही पहिल्यापासून प्रत्येक पायरी चढायला लावतात, तेच औषध, तेच यंत्र, तेवढ्याच फेऱ्या. शेवटी जांभळ्या उजेडात बघितलं की बाकी नळ्यांचे चमकते पट्टे दिसतात आणि पाण्याच्या नळीची जागा काळी राहिली पाहिजे. काळी राहिली तर काम स्वच्छ. तिथे पट्टा दिसला तर त्या दिवसाचं सगळं फेकून द्यायचं, कितीही मेहनत झालेली असो. आमच्या मॅडम म्हणतात, "या इमारतीत प्रामाणिक एकच आहे, ती पाण्याची नळी."

सध्या ऑफिसात नवा नियम आलाय. काम करणाऱ्या प्रत्येकाने स्वतःच्या गालाच्या आतून काडी फिरवून नमुना द्यायचा. आपलंच काही नळीत पडलं तर ओळखता यावं म्हणून. जुन्या प्रकरणांशीही ताडून बघणार आहेत. सगळ्यांचे झाले. माझा राहिलाय. मला जरा सर्दी होती.

धाकटा


२६ एप्रिल

ताई,

तुझं कार्ड मिळालं. दोनच ओळी. "हाड कोणाचं आहे ते लिही. बाकीचं वाचायला मला वेळ नाही." अक्षर अजून तसंच आहे, मात्रा अगदी सरळ.

मला माहीत नाही, ताई. हाड कोणाचं आहे हे मला माहीत नाही. सहा वर्षांपूर्वीही माहीत नव्हतं.

आता सरळ लिहितो.

बोट बुडाल्यावर नऊ जण मिळाले आणि दोघं मिळाले नाहीत, आपला ढब्बू आणि बोटीवरचा स्वयंपाकी. पाच महिन्यांनी किनाऱ्यावर हाड सापडलं आणि आमच्याकडे आलं. प्रत्येक प्रकरणाच्या कागदावर एक ओळ असते: तपासणाऱ्याचे या प्रकरणातील कोणाशी नाते आहे का? असलं तर त्याने त्या कामाला हात लावायचा नसतो. तुझं आडनाव सासरचं, माझं माहेरचं. कोणाच्या लक्षात येणार नव्हतं. मी लिहिलं, "नाही."

वाईट बुद्धीने नाही लिहिलं. त्याला परक्या हातात द्यावंसं वाटेना. कोणीतरी गप्पा मारत, घड्याळाकडे बघत ते हाड घासणार, कापणार. म्हटलं, ज्याने पहिली अंघोळ घातली त्यानेच शेवटचंही करावं. त्या एका शब्दाने मी त्याचा मामा नाही झालो, हे तेव्हा सुचलं नाही.

मी मास्क बांधला होता असं पहिल्या पत्रात लिहिलं. बांधला होता, हे खरं आहे. पण हाड हातात घेतल्यावर डोळे भरून आले, चष्म्यावर वाफ धरली, काही दिसेना. मास्क हनुवटीवर ओढला. तुला माहीत आहे, काम करताना माझ्या तोंडात देवाचं नाव असतं. आईमुळे लागलेली सवय. ऑफिसात सगळे चेष्टा करतात, "काका, नळीला मंत्र देताय का?" त्या दिवशी नाव घेतलंच, आणि मध्येच त्या हाडाशी बोललो. "ढब्बू, घाबरू नकोस. मामा आहे मी." हाडाची पूड उघडी होती. शेजारी पाण्याची नळी उघडी होती. दोन्ही माझ्या तोंडाखाली.

संध्याकाळी जांभळ्या उजेडात पाहिलं. हाडाच्या जागी पट्टा आला होता. आणि पाण्याच्या जागीही आला होता. फिकट, पाटीवरचा पुसलेला खडू राहतो तसा, पण होता.

मला तेव्हाच कळलं. आम्ही तेव्हा जी वाचायचो ती दोरी फक्त आईकडून मुलांना जाते. आपल्या आईची तुला आली आणि मलाही आली. तुझी ढब्बूला आली. तुझ्यात, माझ्यात आणि ढब्बूत तिथे एका अक्षराचा फरक नाही. म्हणजे नळीत माझी थुंकी पडली असली तरी यंत्र हेच म्हणणार होतं, की हा या आईचा मुलगा आहे. मी "मामा आहे मी" म्हणालो आणि यंत्राने शंभर कोटी वेळा तेच मला परत ऐकवलं.

नियमाप्रमाणे सगळं फेकून नवीन सुरुवात करायला हवी होती. उरलेलं हाड होतं फ्रीजरमध्ये. पण तेव्हा माझ्या पोटात "सापडला" हा शब्द उतरला होता आणि तो बाहेर काढवेना. तू पाच महिने जेवणाच्या वेळी त्याचं ताट वाढत होतीस. दाजी दाराच्या आवाजाला उठत होते. मला वाटलं, हे थांबलं पाहिजे, काहीही करून. मी दुसऱ्या दिवशी फक्त पाण्याची नळी परत लावली, मास्क बांधून, तोंड मिटून. ती काळी राहिली. तिचा फोटो फाइलमध्ये लावला. पहिला फोटो घरी आणला आणि पोथीच्या शेवटच्या पानात ठेवला. फाडवला नाही. त्या दिवसापासून पोथी शेवटच्या पानापर्यंत वाचलेली नाही.

सहा वर्षं मी स्वतःला सांगत आलो की पट्टा फिकट होता, हाडाचा ठळक होता, म्हणजे बहुतेक तोच असणार. असेलही. हे नीट वाच, ताई: तो जिवंत आहे असं मी म्हणत नाही. ते हाड त्याचं नाही असंही म्हणत नाही. मला ठाऊक नाही, एवढंच म्हणतो. आणि ठाऊक नसताना तुला वेडी ठरवलं. तुझं मन त्या पाण्याच्या नळीसारखं होतं, आणि मी दोन्हींकडे पाठ फिरवली.

आणखी एक. त्या स्वयंपाक्याची आई दर पावसाळ्यानंतर ऑफिसात येते. तिचाही नमुना आमच्याकडे आहे, तो अर्थातच जुळला नाही. बाहेरच्या बाकावर बसते. मीच तिला पाणी देतो. मागच्या खेपेला माझा हात धरून म्हणाली, "बाबा, माझा अजून पाण्यातच आहे. एकदा कोरडा करून द्या त्याला." मी म्हणालो, "काही मिळालं की कळवू, आजी." आणि आत येऊन हात धुतले. तिचा मुलगा कदाचित आपल्या पेटीत आहे. दाजी रविवारी कदाचित तिच्या मुलाजवळ बसतात, आणि ती बाकावर बसते.

नवीन नियमाची सर्दी खोटी होती, हे तुला कळलंच असेल. माझा नमुना यंत्रात गेला की त्या हाडाच्या अक्षरांवर जाऊन बसणार. मागच्या आठवड्यात मी तुझ्या भावजयीच्या गालातून काडी फिरवली. ती म्हणाली, "माझ्या तोंडात काय शोधताय?"

"काही नाही."

"मग लवकर सापडेल," म्हणाली आणि भाजी चिरायला गेली.

ती काडी माझ्या नावाच्या पाकिटात घालून नेणार होतो. कोणाला पत्ता लागला नसता. पाकीट दोन दिवस खिशात होतं. मग तुझं कार्ड आलं. काडी मोडून टाकली. पकडला जाईन या भीतीने कबूल होतोय की तुझ्यामुळे, हे मी स्वतःला पुष्कळ विचारलं. दोन्ही असेल. देवापुढेही बसलो. देवाचं नाव मास्कच्या आतूनही पोचलं असतं, एवढंच कळलं.

सोमवारी मॅडमना सांगणार आहे.

धाकटा


९ मे

ताई,

सोमवारी सांगितलं नाही. मॅडमच्या दारापर्यंत गेलो आणि पंख्याची तक्रार करून परत आलो. मंगळवारी त्यांनी खरंच पंखा दुरुस्त करून दिला. बुधवारी आणखी तक्रार उरली नव्हती.

आज सकाळी पोथीतला फोटो घेऊन गेलो आणि त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी उजेडाकडे धरून पाहिला. पाण्याच्या जागेवर बोट ठेवलं. विचारायची गरज पडली नाही, मीच पहिल्यापासून सांगितलं. मधे त्यांनी एकदाच विचारलं, "काका, सहा वर्षं?"

"हो."

"मला शिव्या येत नाहीत. आमच्या वडिलांनी शिकवल्या नाहीत. आज पहिल्यांदा वाटतंय, त्यांचं चुकलं."

मग दार लावून घेतलं आणि त्या रडल्या. माझ्या हाताखालून गेलेली सगळी प्रकरणं आता पुन्हा उघडावी लागणार. तेही मी विचारात घेतलं नव्हतं. मी एकच वही चुकवली असं धरून चाललो होतो.

पेटीत दिल्यानंतर राखून ठेवलेलं हाड फ्रीजरमध्ये होतं, बोटाच्या पेराएवढं. ते माझ्यादेखत दोन सील लावून दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवलं. सोबत तुझा जुना नमुना, स्वयंपाक्याच्या आईचा, आणि माझा. माझा अशासाठी, की मी आत कुठे आहे ते ओळखून मला आधी बाजूला काढता यावं. आईकडून आलेल्या दोरीवर आपण सगळे सारखेच, म्हणून ते इतर दोऱ्याही वाचणार आहेत, जिथे मामा आणि भाचा वेगळे दिसतात. सहा वर्षांपूर्वी हे आमच्याकडे होत नव्हतं. निकाल तुझ्या पत्त्यावर थेट येईल. माझ्या हातून येणार नाही. दोन महिने लागतील. ढब्बू निघाला तर तुला एकटीला ते पत्र उघडावं लागू नये असं वाटतं, म्हणून दाजींनाही सगळं सांगितलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मग मी सहा वर्षं कोणाजवळ बसत होतो?" उठताना म्हणाले, "या रविवारीही जाईन. कोणाचा का असेना, पोराला सवय झाली असेल." तुझ्याकडे यायचं त्यांच्या मनात आहे. येऊ का हे तूच त्यांना कळव, माझ्यामार्फत नको.

त्या आजींकडे मॅडम स्वतः जाणार आहेत. मी बरोबर येतो म्हणालो. "तुम्ही नको," म्हणाल्या. बरोबर आहे.

माझं काम आजपासून बंद. पुढे चौकशी होईल, नोकरी राहणार नाही. तुझ्या भावजयीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे माझ्या तोंडात हे शोधत होतात." आणि माझ्याकडे पाठ करून बराच वेळ भांडी पुसत राहिली.

माफी मागणार नाही, ताई. मागितली तर तुला द्यावी की नाही हे ठरवावं लागेल, आणि तुझ्यावर आणखी एक काम पडेल.

नमुना मॅडमनीच घेतला. त्यांनी मास्क बांधला, मला खुर्चीत बसवलं आणि "आ करा" म्हणाल्या. काडी गालातून फिरत होती तोवर तोंड उघडं होतं, नाम घेता आलं नाही. मग त्यांनी जुनी फाइल काढून समोर ठेवली. ती ओळ तिथेच होती, शाई जरा उडालेली. तपासणाऱ्याचे या प्रकरणातील कोणाशी नाते आहे का? मी माझं "नाही" एका रेघेने खोडलं, वाचता येईल असं. शेजारी लिहिलं, "मामा". खाली सही केली आणि आजची तारीख घातली.

धाकटा